मंगळवार कधी संपतो

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण आईही तसंच करते. मुलुंडच्या आमच्या भाजीवाल्याला ती मेथीची जुडी कालची आहे का, हे विचारायच्या आधी माझी मुलगी बी.एस्सी. आयटी आहे हे सांगते. तो बिचारा कित्येक वर्षं ऐकतोय, तरी दर वेळी "अच्छा?" म्हणतो. भला माणूस आहे.

पण मुलगी कंपनीत नेमकं काय करते, हे मात्र आईला सांगता यायचं नाही. माझा भाऊ गाड्यांचे एसी दुरुस्त करतो, बाबा साकीनाक्याच्या एका कारखान्याचा टेम्पो चालवतात. ही कामं दिसतात. माझं काम दिसत नाही. अंधेरीच्या एका ऑफिसात बसून मी सर्व्हरच्या नोंदी वाचते. कुणाचं तिकीट बुक झालं नाही, कुणाचा अर्ज अडकला, तर नेमकं काय झालं आणि कधी झालं, हे शोधून द्यायचं. यातलं 'काय' बहुतेक वेळा सोपं असतं. घोळ 'कधी'चा असतो. कारण संगणक आपल्यासारखी तारीख लिहीत नाही. तो एक लांबलचक आकडा लिहितो आणि गप्प बसतो. त्या आकड्यातून वार, तारीख, वेळ काढायची. आमच्याकडे नवीन आलेली पोरं त्या आकड्याला घाबरतात. मी नाही घाबरत. पहिले काही आकडे बघूनच मला साधारण महिना कळतो. यात थोडी फुशारकी आहे, पण खोटं नाही.

एकदा रविवारी आई पोहे करत होती आणि मी तिला हे समजावत होते.

"एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. तिथून किती सेकंद झाले, तो आकडा."

"त्या दिवशी काय झालं होतं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? काहीतरी झाल्याशिवाय कोण मोजायला बसेल?"

"आई, ठरवलं असंच कुणीतरी. लंडनच्या घड्याळात मध्यरात्रीचे बारा, तिथे शून्य."

"आणि आपल्याकडे तेव्हा?"

"पहाटेचे साडेपाच."

"हां," आई म्हणाली आणि तिने पोह्यांवर झाकण ठेवलं. "पाणी येतं तेव्हा. मग बरोबर आहे, दिवस तिथूनच सुरू होतो."

त्या दिवसापासून भाजीवाल्याला नवीन माहिती मिळू लागली. माझी मुलगी कॉम्प्युटरचे आकडे वाचते. साधेसुधे नाहीत, लंडनहून येणारे.

त्याच वर्षी आमच्या घरात मंगळागौर आली. आमची मुळं मालवणकडची. आमच्यात मंगळागौर नव्हती, ती वहिनीबरोबर आली. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी गौर पुजायची, सवाष्णींना जेवायला घालायचं आणि रात्रभर खेळ खेळून गौर जागवायची, असं वहिनीच्या आईने फोनवरून सगळं शिस्तीत सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी हरखून एकच प्रश्न विचारला, "फुगडी चालता ना?"

चालते म्हटल्यावर आईने कंबर कसली. फुगडी हा तिचा प्रांत. गावी गौरी-गणपतीत तिची फुगडी बघायला शेजारच्या वाडीतून बायका यायच्या, असं ती सांगते. बाबा मान हलवतात, पण होकारार्थी की नकारार्थी, ते कळत नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये बायकांना बोलवावं लागत नाही. एकीच्या घरी कुकरची शिट्टी झाली तरी तिघी डोकावतात. समोरच्या मावशी सातारकडच्या, आवाज असा की तळमजल्यावरचा वॉचमन वर बघतो. त्या म्हणाल्या, "पूजा तुम्ही करा, खेळ आमच्यावर सोपवा." त्यांनी आठ-दहा जणी जमवल्या. झिम्मा, बसफुगडी, सूप नाचवणं, सगळं पंधरा दिवस गच्चीवर घटवलं. टाकीच्या कडेला ठेवलेल्या तुळशीच्या कुंड्यांनी एवढी कंपनं आजवर सोसली नसतील.

याच सुमारास आमच्या भागातल्या एका सांस्कृतिक मंडळाने मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा जाहीर केली. आधी व्हिडिओ पाठवायचा, निवडलेल्या गटांची अंतिम फेरी नाट्यगृहात. नाट्यगृह म्हटल्यावर आई हातातलं लाटणं धरून उभीच राहिली.

त्याचं कारण मला माहीत होतं. मी शाळेत असताना आईने त्याच नाट्यगृहाच्या कँटीनमध्ये बरीच वर्षं वडे तळले. मध्यंतर झालं की झुंबड. मध्यंतर संपलं की भिंतीपलीकडून लोकांचं हसणं ऐकू यायचं. का हसतायत ते कधी कळायचं नाही. ती घरी येऊन सांगायची, "आज खूप हसले." नाटक कुठलं होतं तेही तिला ठाऊक नसायचं. एवढ्या वर्षांत तिने रंगमंच पाहिला नव्हता. कढई सोडून जाणार कोण?

"नाव द्या," ती मावशींना म्हणाली. "माका वर उभा रवाक होया." आईची मालवणी रागात किंवा फार आनंदात असतानाच बाहेर येते. त्या दिवशी ती रागावलेली नव्हती.

मंगळवारी माझी संध्याकाळची पाळी होती. कंपनीतून सुटायला उशीर होणार होता, म्हणून मी सकाळीच आईच्या फोनची सोय केली. तांदळाच्या डब्यावर तो टेकवून ठेवला, बाजूला रबरबँड लावला आणि वहिनीला सांगितलं, "खेळ रंगात आला की हे लाल बटण दाब." खेळ रंगात आला. बटण दाबलं गेलं. व्हिडिओ मी दुसऱ्या दिवशी पाहिला आणि ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत एकटीच हसत बसले. घामाने चमकणारे चेहरे, विस्कटलेले गजरे, मागे मखरात गौर, आणि मधूनच डब्याला धक्का लागून सगळं घर तिरकं. त्यात आई आणि मावशींची फुगडी. दोन भरदार बायका एकमेकींचे हात धरून अशा गरगरत होत्या की त्यांच्या साड्यांचे रंग एकमेकांत मिसळत होते. मी तो व्हिडिओ मंडळाच्या ऑनलाइन फॉर्मवर चढवला आणि मोकळी झाले.

आठवड्याने मावशींच्या फोनवर मंडळाचा निरोप आला. नियम चारनुसार आपली प्रवेशिका बाद. चित्रीकरण मंगळवारचे नसून बुधवारचे आहे. त्याखाली 'पुरावा' असं लिहून एक तेरा आकडी संख्या. एवढंच.

जिन्यात सभा भरली.

"बुधवारी कोण मंगळागौर जागवतं?" मावशी गरजल्या. "यांच्या आयला, आम्ही काय येड्या आहोत का?"

"हा काय टेलिफोन नंबर आहे का? लावून बघू का?"

"लाव. कोण उचलतंय बघ."

आईने मावशींकडून फोन घेतला. तिने तो फोन माझ्यापुढे धरला. तिच्या चेहऱ्यावर मला ओळखीचा भाव होता. बारावीचा निकाल लागायच्या दिवशी तो पाहिला होता. "तू वाच," ती म्हणाली. "तुझाच आकडा आहे ना हा?"

माझाच होता. सतराने सुरू होणारा, ओळखीचा. फॉर्मवर व्हिडिओ चढवला की तो कधी चित्रित झाला, ती वेळ आपोआप नोंदली जात होती आणि ती अशी आकड्यात. शेवटचे तीन आकडे सेकंदाचे बारीक तुकडे, ते सोडून द्यायचे. उरलेले सेकंद. मला खात्री होती की मंडळातल्या कुणीतरी रूपांतर करताना माती खाल्ली आहे. तिथेच पायरीवर बसून मी फोनवर हिशेब केला. दहा-बारा बायका माझ्या डोक्यावर वाकलेल्या, कुणाच्या तरी हाताला लसणाचा वास.

मंडळाचं बरोबर होतं. रात्री बारा वाजून गेल्यानंतरचा व्हिडिओ. बुधवार.

"वहिनी, बटण कधी दाबलंस?"

"रंगात आल्यावर! तुम्हीच म्हणालात ना. फराळ, गाणी, उखाणे होईपर्यंत बारा वाजले, मग कुठे या दोघी रंगात आल्या."

मी प्रामाणिकपणे सांगितलं की आकडा खोटं बोलत नाही. आणि मग, सगळं सांगायची सवय असल्यामुळे, हेही सांगितलं की हाच आकडा लंडनच्या घड्याळात वाचला तर मंगळवारची संध्याकाळ येते. तिकडे अजून उजेड असेल.

"मग झालं तर!" मावशींनी टाळी वाजवली. "तेच दाखव ना त्यांना! तू शिकलेली आहेस, इंग्रजीत बोल दोन वाक्यं. विषय संपला."

मी दाखवू शकले असते. आकडा तोच, फक्त पाटी बदलायची. पण आपण मुलुंडच्या जिन्यात उभ्या आहोत आणि घड्याळ लंडनचं लावायचं, हे मला माझ्या कामाशी गद्दारी केल्यासारखं वाटलं. मी काही म्हणायच्या आधीच आई म्हणाली,

"लंडनच्या मंगळवारार माका फुगडी घालूची नाय."

"अगं पण स्टेज जाईल ना हातचं!"

"जाऊ दे. पण आमची गौर मंगळवारीच होती. तो माणूस कोण आहे, त्याला मी तोंडावर सांगून येते."

तो माणूस म्हणजे मंडळाचे एक काका, पूर्वेला जुन्या सोसायटीत राहणारे, सरकारी कचेरीतून निवृत्त. रविवारी सकाळी मी, आई आणि मावशी त्यांच्या दारात उभ्या राहिलो. आईने पैठणीच्या ब्लाउजवर सुती साडी नेसली होती. म्हणजे भांडायचं आहे, पण सभ्यपणे.

दार त्यांच्या सुनेने उघडलं. माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठी, हसऱ्या चेहऱ्याची. "बाद झालेल्या का?" तिने हळूच विचारलं. "या, या. कालपासून तुम्ही पाचव्या."

आत काका फोनवर होते. पलीकडून कुणीतरी बाई एवढ्या जोरात बोलत होत्या की आम्हाला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. काकांनी "नियम म्हणजे नियम" एवढंच तीनदा म्हणून फोन ठेवला आणि आमच्याकडे असं पाहिलं, जसं दाढदुखीचा पेशंट दुसऱ्या दाढेकडे पाहतो.

"हे बघा," त्यांनी आम्ही बसायच्या आधीच सुरुवात केली, "गेल्या वर्षी ज्यांना पहिला नंबर मिळाला, त्यांनी हॉल भाड्याने घेऊन, दिवे लावून शूटिंग केलं होतं. गौर कुठे? गौरच नव्हती! मागे बलून होते. म्हणून यंदा नियम चार मी स्वतः घातला. खऱ्या मंगळागौरीच्या दिवशीचंच चित्रीकरण हवं. आणि तारीख मी स्वतः तपासली आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या संगणक वर्गात शिकलोय मी. हवं तर कुणालाही दाखवा."

"मी पाहिलं काका," मी म्हणाले. "तुमचं रूपांतर अगदी बरोबर आहे."

मावशींनी मला कोपर मारलं. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण काका एकदम सरळ बसले. दोन दिवसांत त्यांना कुणी बरोबर म्हटलं नसावं.

"तुम्हाला कळतं यातलं?"

"कंपनीत हेच करते."

"बी.एस्सी. आयटी आहे," आई म्हणाली. भांडायला आलेली बाई, पण संधी सोडली नाही.

काकांनी लगेच लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. त्यांचं काम खरंच नीटनेटकं होतं. एका रकान्यात तो लांब आकडा, शेजारी भारतीय वेळ, शेजारी वार. शेवटचे तीन आकडे उडवायचे, दिवसाच्या सेकंदांनी भागायचं, साडेपाच तास मिळवायचे, सगळं सूत्रात घातलेलं. आमच्या ऑफिसातली दोन पोरं अजून ते साडेपाच तास विसरतात. मी तसं सांगितल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली, "अगं, चहा टाक ना चांगला. आलं घाल."

मावशींचा धीर सुटत चालला होता. "अहो पण आमचं काय?"

मला एक शंका होती. मी काकांना विचारून तो तक्ता वेळेप्रमाणे लावला आणि बाद झालेल्या ओळी पिवळ्या केल्या. पिवळ्या ओळी सगळ्या मध्यरात्रीनंतरच्या. पास झालेल्या ओळी बघितल्या, तर बहुतेक रात्री आठ-नऊच्या.

"काका, मंगळागौर जागवायची असते ना?"

"अर्थात."

"मग बघा. ज्या जागल्या, त्या सगळ्या बाद झाल्यात."

"आणि ज्या साडेनऊला आवरून झोपल्या," सून दारातून म्हणाली, "त्या पास."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तक्त्याच्या जवळ गेले. आईने ती वेळ साधली. आवाज न चढवता ती बोलली, आणि मालवणीचा एक शब्दही त्यात नव्हता.

"काका, मंगळवारी सकाळी आम्ही गौर बसवली. बुधवारी सकाळी अंघोळी करून तिची उत्तरपूजा केली. मधल्या वेळात कुणी झोपलं नाही, कुणी अंघोळ केली नाही, कुणी घरी गेलं नाही. मग मला सांगा, बुधवार आला कधी? कोणत्या दाराने आला?"

मावशींनी इतक्या जोरात "बरोब्बर!" म्हटलं की शेजारच्या खोलीत काहीतरी पडलं.

काकांच्या मागे भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर होतं. ते वळून त्याच्याकडे बघत राहिले. "वार सूर्योदयापासून," ते स्वतःशीच म्हणाले. मग आमच्याकडे वळले. "मी रोज सकाळी हे वाचतो. एकादशी कधी लागते, कधी सुटते, सगळी सोसायटी मला विचारते. आणि संगणकापुढे बसलो की माझ्या डोक्यात आपोआप रात्री बारा. हे एवढं कसं सुचलं नाही मला?"

मलाही सुचलं नव्हतं. माझी आजी मध्यरात्रीनंतरही 'आजची रात्र' म्हणायची. मी पायरीवर बसून तेच साधन वापरलं आणि तोच वार काढला, जो काकांनी काढला होता. आमच्या दोघांच्याही घरात एक दिवस चालतो आणि पडद्यावर दुसरा, आणि एकातून दुसऱ्यात जाताना आम्हाला उंबरठा लागत नाही. मला त्याचं हसू आलं. काकांनाही आलं.

"करता येईल का काही?" त्यांनी विचारलं.

"एक मिनिट लागेल. वार काढण्याआधी सूर्योदयाइतके तास मागे घ्यायचे. पहाटेचा व्हिडिओ आपोआप आदल्या वारात जाईल."

"सूर्योदय किती वाजताचा धरताय?"

"सहा धरू?"

"छे!" काका उठले, कॅलेंडर खिळ्यावरून काढून मांडीवर घेऊन बसले आणि त्या त्या मंगळवारचा सूर्योदय मिनिटासकट सांगू लागले. मी घालत गेले. घालता घालता एक गंमत लक्षात आली आणि मी थांबले. भारतीय वेळेसाठी आधी साडेपाच तास मिळवायचे आणि मग सूर्योदयासाठी सहाच्या वर काही मिनिटं वजा करायची. म्हणजे जवळजवळ जिथून निघालो तिथेच परत. लंडनचा वार बदलतो तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, आणि सूर्य उगवायला पाऊण तास असतो.

"आई, तो लंडनचा मंगळवार आणि आपला मंगळवार जवळपास एकच आहे गं."

"असेल," आई म्हणाली. "पण आपला आपण मोजलेला बरा."

मी एंटर दाबलं. रकान्यातले बुधवार एकामागून एक मंगळवार झाले. मावशींनी मला मागून मिठी मारली, त्यात माझा चष्मा कीबोर्डवर पडला. आमची ओळ मंगळवार! आईने ती ओळ स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मागितली, बोट लावून वाचली आणि पदराने स्क्रीन पुसून दिला.

तेवढ्यात काका म्हणाले, "हे काय?"

एक ओळ उलटी फिरली होती. आधी मंगळवार होती, आता सोमवार. काकांनी गटाचं नाव वाचलं. मग परत वाचलं. मग चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या सुनेकडे बघितलं.

तो तिच्या मैत्रिणींचा गट होता. सुनेचा गट म्हणून काकांनी सगळ्यात आधी तोच तपासला होता, कुणी बोट दाखवू नये म्हणून.

सून लाल झाली, आणि मग खो खो हसायला लागली. ट्रेमधले कप किणकिणले. "बाबा, मंगळवारी माझ्या ऑफिसात ऑडिट होतं हो. संध्याकाळी कधी सुटणार, पत्ता नव्हता. म्हणून आम्ही सोमवारी रात्री नऊवारी नेसून, नथी घालून सोफ्यावर ओळीने बसलो आणि बारा वाजायची वाट बघितली. बारा वाजले, कॅमेरा चालू केला. तारीख मंगळवारचीच होती ना!"

"आणि गौर?"

"होती. म्हणजे, पूजा मंगळवारी सकाळी केली. पण होती."

"नियम चार," काका म्हणाले. त्यांचा आवाज थोडा बारीक झाला होता, पण त्यांनी ती ओळ स्वतः पिवळी केली. मला तो माणूस तिथे फार आवडला.

"काका," आई म्हणाली, "सुनेला बाद करून दुपारी जेवायला कुठे जाणार तुम्ही?"

सून म्हणाली, "आज आमटी केली आहे. कुणाला वाढायची, ते मी ठरवते."

मग चहा झाला, त्यात आलं भरपूर होतं. मावशींनीच तोडगा काढला. एवढ्या पोरी नटून बारा वाजेपर्यंत बसल्या, तर त्यांनी स्पर्धेबाहेर, सगळ्यात आधी येऊन गौरीचं गाणं म्हणावं. सुनेला ते पटलं, फक्त पहिल्या रांगेतल्या फोटोची अट तिने घातली. काकांनी बाद केलेल्या बाकीच्या गटांना तिथूनच फोन लावले. या वेळी पलीकडून ओरडणं येत होतं ते वेगळं.

खाली उतरल्यावर आई रिक्षात बसली आणि पूल ओलांडेपर्यंत पदर सारखा करत राहिली. मग रिक्षावाल्याच्या खांद्यावर टिचकी मारून म्हणाली, "भैया, मेरी लडकी कॉम्प्युटर का टाइम पढती है." त्याने आरशात माझ्याकडे बघितलं. मी बाहेर बघू लागले, पण खरं सांगते, मला लाज वाटली नाही. पदवीच्या दिवशी गाऊन घालून फोटो काढला होता, तेव्हासुद्धा मी एवढी ताठ बसले नव्हते.

अंतिम फेरीच्या दिवशी कलाकारांनी मागच्या दाराने आत जायचं होतं. आईला सोडायला मीही आत गेले. विंगेत काळोख होता, दोऱ्या लोंबत होत्या, आणि समोर एवढा मोठा उजेड. आईने चप्पल बाहेर काढली. इतरांनीही काढली. सुनेच्या गटाने गाणं म्हटलं, छानच म्हटलं. मग दोन-तीन गट झाले आणि आमचं नाव पुकारलं.

मी तोवर प्रेक्षकांत येऊन बसले होते, बाबा एका बाजूला, वहिनी आणि भाऊ दुसऱ्या बाजूला. झिम्म्याला जरा गोंधळ झाला, एक जण उजवीकडे जायची ती डावीकडे गेली. सूप नाचवताना टाळ्या पडल्या. मग बाकीच्या बायका मागे सरकल्या आणि आई व मावशी मधे आल्या. हात धरले, अंगठे जुळवले, मागे झुकल्या आणि सुरू झाल्या. आधी सावकाश. मग लोकांनी ताल धरला, मग शिट्ट्या. आईचं डोकं मागे टाकलेलं, तोंड उघडं, ती हसत होती की ओरडत होती, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. बाबा खुर्चीच्या कडेला आले होते. "गावाकडे अशीच," ते म्हणाले. आता मान कशी हलत होती ते अगदी स्पष्ट कळत होतं.

वेळ संपल्याची घंटा काकांनी वाजवली. दोघी थांबल्या नाहीत. काकांनी परत वाजवली. प्रेक्षक हसू लागले, टाळ्या वाढल्या, मावशींचा अंबाडा सुटला आणि केस गोल फिरू लागले. तिसरी घंटा काकांनी अर्धवटच वाजवली आणि हात खाली ठेवला. जास्तीच्या वेळेचे गुण कापले गेले आणि आमचा नंबर गेला, हे नंतर कळलं. तेव्हा ते कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

शेवटी त्या थांबल्या. म्हणजे पाय थांबले, बाकीच्या अंगाला थोडा वेळ लागला. मी धावत विंगेत गेले. आई बाजूच्या पायऱ्यांवर आली होती, एका हाताने कठडा धरून, धापा टाकत, कुंकू कपाळभर पसरलेलं.

"घंटा ऐकू आली नाही का गं?" मी विचारलं.

"आली ना."

"मग?"

"मग काय? चालू होतं ना आमचं."

तिने वळून वर बघितलं. दिवे तसेच लागलेले होते, लोक अजून टाळ्या वाजवत होते. तिने मावशींचा हात ओढला.

"चल गो, पडदो पडूक नाय अजून."

आणि दोघी परत वर गेल्या.